वरचं मीठ

सक्करदऱ्याच्या त्या आळीत मनकर्णाच्या हाताच्या चवीला तोड नव्हती, आणि ती चव खुद्द मनकर्णाला मात्र गेल्या सात वर्षांत ठाऊक नव्हती. वांग्याची भाजी रटरटू लागली की ती पळीभर रस वाटीत घ्यायची आणि हाक मारायची, “शामले, पाह्य वं, मीठ झालं काय?” शामला तिची एकुलती एक मुलगी. दुसरीत शिकणारी. ती खेळ टाकून यायची, वाटी तोंडाला लावायची आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायची. मग मनकर्णा भाजी उतरवायची, नवऱ्याला वाढायची, पोरीला वाढायची, आणि मीठ घालण्याआधीच बाजूला काढून ठेवलेली आपली वाटीभर भाजी घेऊन कोपऱ्यात जेवायला बसायची. अळणी भाजी, अळणी वरण, अळणी भाकर. पुरणाच्या पोळीच्या कणकेत चिमूटभर मीठ पडतं, तर सणाच्या दिवशी तिची पोळीसुद्धा वेगळी.

हा नवस होता. आणि नवसाची गोष्ट सांगायची तर आधी पोरीची सांगावी लागते.

शामला जन्मली तेव्हा चांगली सहा पौंडांची होती. तीन आठवड्यांत ती पाचावर आली. दूध प्यायची आणि ओकून टाकायची. लंगोट मात्र दर अर्ध्या तासाला ओला. टाळू खोल गेली, रडण्याचा आवाज मांजराच्या पिलाएवढा झाला. आळीतल्या बायकांनी एकमतानं ठरवलं की दृष्ट लागली. मग रोज दिवेलागणीला मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणं सुरू झालं. मूठमूठ मीठ तडतडत जळून जायचं, आणि ज्या लेकराला त्यातल्या चिमूटभराची गरज होती ते शेजारीच गोधडीत सुकत चाललं होतं. हे अर्थात मागाहून कळलं. शहाणपण नेहमी असंच, बस सुटल्यावर स्टँडवर पोचतं.

शेवटी शालिकराम, म्हणजे मनकर्णाचा नवरा, पोरीला छातीशी धरून मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, घेऊन गेला. तो हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. मशीन बिघडलं तर ओवाळत बसायचं नाही, उघडून पाहायचं, एवढं त्याला कळत होतं. तिथे डॉ. मधुसूदन पांढरीपांडे म्हणून लहान मुलांचे डॉक्टर होते. तेव्हा ते तरुण होते आणि पुस्तकं फार वाचत. पोरीचं रक्त तपासून ते चमकले. रक्तात मीठ जवळजवळ संपत आलेलं, आणि लघवीतून मात्र भरभरून चाललेलं.

त्यांनी मनकर्णाला समोर बसवून समजावून सांगितलं. “हे पाहा बाई, मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. तिच्यातून एक हार्मोन रक्तात येतो. त्याचं काम एकच, मूत्रपिंडाला सांगायचं की मीठ धरून ठेव, वाहू देऊ नको. तुमच्या मुलीची ग्रंथी ओरडून ओरडून सांगते आहे, पण मूत्रपिंडाला ऐकूच जात नाही. आम्ही त्याच जातीचं इंजेक्शन देऊन पाहिलं, तरी ढिम्म. आता उपाय एकच. जेवढं गळतं तेवढं वरून घालायचं.”

“वरून काय घालाचं साहेब?”

“मीठ. साधं, घरातलं.”

मनकर्णाला वाटलं डॉक्टर थट्टा करून राहिले. मोठ्या हॉस्पिटलात एवढ्या बाटल्या, एवढ्या सुया, आणि औषध काय, तर मीठ!

“कधीलोक द्या लागन?”

“ते ऐकू लागेपर्यंत. तान्ह्या बाळांचं मूत्रपिंड सगळ्यांचंच थोडं कच्चं असतं. म्हणून त्या वयात तो हार्मोन अंगात खूप असतो. मूल वाढतं तसं मूत्रपिंड पिकतं, हळू सांगितलेलंही ऐकतं, आणि हार्मोन उतरत जातो. हिचं जरा जास्त कच्चं आहे. वेळ लागेल, पण सुधारेल.”

तिसऱ्या दिवशी पोर टाहो फोडून रडली. वॉर्डातल्या बाकीच्या आयांना तो आवाज नकोसा झाला असेल, मनकर्णाला मात्र असं वाटलं की असं गोड काही तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. तिथेच, पाळण्याच्या लोखंडी दांडीला धरून, तिनं हात जोडले. “रामटेकच्या रामा, जोवर माह्या लेकराले हे वरचं मीठ लागन, तोवर मी मिठाले शिवणार नाई.”

आईचं दूध पुरलं नाही तर वरचं दूध देतात, तसं हे वरचं मीठ. शब्द तिचा, पण पुढे डॉक्टरसुद्धा तोच वापरू लागले.

शालिकरामनं ऐकलं तेव्हा कपाळाला हात लावला. “अवं, एखांदी मिठाई सोडली असती तं नसतं चाललं काय?”

“मिठाई रोज कोण खाते? सोडाचं तं रोजचं सोडा.”

तो हिंगण्याच्या बसला उशीर होतो म्हणून निघून गेला.

तर अशी सात वर्षं गेली. मनकर्णा खडेमीठ आणायची, वाळवायची, पाट्यावर पिठासारखं वाटायची आणि फडक्यातून गाळायची. माप म्हणजे औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं बूच. पहिल्या वर्षी दिवसाला सहा बुचं, मग चार, मग तीन. शामला रांगायला लागली तेव्हा सरळ मिठाच्या बरणीकडे रांगत जायची आणि हात घालून चाटायची. लोकांची पोरं साखर चोरतात, हिची मीठ. मनकर्णाला त्याचं कोण कौतुक! शरीराला हवं ते जीभ बरोबर मागते, असं डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं. हे वाक्य तिनं ध्यानात ठेवलं, पण अर्धंच. जीभ मागते तशी कधीतरी नकोही म्हणेल, हा भाग तिच्या डोक्यात शिरला नाही.

पोर तीन वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी मीठ बंद करून पाहिलं होतं. मे महिना होता, नागपूरची लू. चौथ्या दिवशी शामलाला ओकाऱ्या आणि जुलाब सुरू झाले. भर दुपारी, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, शालिकरामनं सायकलवर दोघींना मेडिकलला नेलं. सलाइन लावलं, पोर वाचली. डॉक्टर म्हणाले, “हा मिठाचा दोष नाही हो, उन्हाळ्याचे जुलाब आहेत. अर्धा वॉर्ड त्यानंच भरलाय, बघा.” मनकर्णानं वॉर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. तिनं तर ताकाकडे पाहणंच सोडलं. तेव्हापासून दोन बुचं कायम झाली. एक सकाळी पाण्याच्या गिलासात, आणि एक दुपारी, पुढे शाळा सुरू झाल्यावर शाळेतच, पुडीतून. पुड्या ती दर रविवारी बांधायची, जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या, औषधाच्या दुकानात बांधतात तशा नीट घडीच्या. एक जास्तीची पुडी अडीअडचणीला म्हणून स्वतःच्या बटव्यात.

डॉक्टर दर सहा महिन्यांनी म्हणायचे, “आता थांबवा.” मनकर्णा दर सहा महिन्यांनी मान डोलवायची, घरी यायची आणि पुड्या बांधायला बसायची.

तिच्या भीतीमागे आणखी एक गोष्ट होती, आणि ती तिनं देवालाही सांगितली नव्हती. तिला मीठ हवं होतं. शेजारी कुणी मिरचीचा ठेचा वाटला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा लोणच्याच्या बरणीचा दट्ट्या काढताना बोटाला लागलेला खार तिनं जवळजवळ चाटला होता, मग घाबरून तीनदा हात धुतला. डॉक्टर म्हणतात, मीठ थांबवा. पण थांबवलं की आपला नवस सुटतो. मग हे ‘थांबवा’ आपल्याला पटतंय ते पोरीसाठी की आपल्या चळलेल्या जिभेसाठी? उद्या पोरीला काही झालं तर? असला प्रश्न एकदा माणसाच्या मागे लागला की त्याला उत्तर नसतं. ती आपली पुड्या बांधत राही.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या तपासणीला शालिकरामही सोबत होता. डॉक्टरांचे केस आता कानाजवळ पांढरे झाले होते. ते म्हणाले, “मनकर्णाबाई, आता माझं ऐका. तीन दिवस हिला वॉर्डात ठेवतो. मीठ बंद, रोज रक्त तपासतो. माझ्या डोळ्यांसमोर राहील. मग तर पटेल?”

“अन् काई झालं तं?”

शालिकरामचा संयम सुटला. “साहेब, तिले काय समजावता? थे सोताच सात वर्षांपासून अळणी खाऊन राहिली. नवस हाय तिचा!”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “सात वर्षं? अजिबात मीठ नाही?”

मनकर्णानं खाली पाहून मान हलवली. आता बोलणी बसणार असं तिला वाटलं. पण डॉक्टर पुढे सरकून बसले आणि त्यांचे डोळे चमकायला लागले.

“मग मला सांगा, तुम्ही जिवंत कशा?”

“म्हंजे?”

“मिठाशिवाय माणूस जगत नाही. तुम्ही जगलात, कारण दुधात, पालेभाजीत, पाण्यातसुद्धा जरा जरा मीठ असतं. तेवढंसं मीठ तुमची मूत्रपिंडं कणकण धरून ठेवतात. तुम्ही मीठ सोडलं त्या आठवड्यात तुमच्या ग्रंथीनं हार्मोन वाढवला, आणि मूत्रपिंडांनी मुकाट्यानं ऐकलं. सात वर्षं ऐकताहेत. शामलाची आता तेच शिकली असणार. तुमची लेक आहे ती.”

आपल्या पोटात इतकी वर्षं असं काही चाललंय, आणि आपल्याला पत्ता नाही, याचं मनकर्णाला नवल वाटलं. पण नवल वाटणं वेगळं आणि हिंमत होणं वेगळं. “मी मोठी हाव साहेब,” ती म्हणाली. “थे लहान हाय.”

“तेच तर सांगतोय. ती आता तितकी लहान राहिली नाही.”

मनकर्णानं मान डोलवली आणि घरी येऊन पुड्या बांधल्या.

त्याच आठवड्यात शाळेची सहल निघाली, रामटेकला. शनिवारी सकाळी बस, गडावर चढून दर्शन, खाली तलावाजवळ जेवण, संध्याकाळी परत. शामला चिठ्ठी घेऊन नाचत घरी आली. मनकर्णानं चिठ्ठी वाचली आणि सरळ सांगितलं, “नाई.”

“काहून वं आई?”

“दिवसभर ऊन. इतक्या पायऱ्या. तुह्या मिठाचं कोण पाहीन?”

शामला रडली. मग तिनं अबोला धरला. सात वर्षांच्या पोरीचा अबोला म्हणजे घरात दर पाच मिनिटांनी भांडं आपटतं. त्या संध्याकाळी भाजी चाखायला बोलावलं तर ती फणकाऱ्यानं म्हणाली, “खारट झाली.” शालिकरामनं चाखली. म्हणाला, “कुठं? बराबर तं हाय.” हे दिवाळीपासून सारखंच होत होतं. शामलाला भाजी खारट लागायची आणि बापाला बरोबर. “तुह्यी जीभच खराब झाली,” असं म्हणून मनकर्णानं विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेत गेली. मुलगी सहलीला येणार नाही हे बाईंना स्वतः सांगावं, म्हणजे पोर तिथे जाऊन ‘हो’ म्हणून यायची नाही, एवढाच तिचा हेतू. नेमकी मधली सुट्टी झाली होती. फाटकाबाहेर कडुनिंबाखाली अंजनाबाई म्हणून एक म्हातारी टोपली घेऊन बसायची. बोरं, चिंचा, आवळे आणि जाम. जाम म्हणजे पुण्याकडचे लोक ज्याला पेरू म्हणतात ते. तिच्याभोवती पोरींचा हा गराडा. अंजनाबाई जाम चिरायची, पोरी फोडी पुढे करायच्या, आणि ती त्यावर एका पुडीतून चिमटीनं मीठ भुरभुरायची.

मनकर्णा पुढे जाता जाता थबकली. पुडी कॅलेंडरच्या पानाची होती. त्यावर लाल शाईतला एकादशीचा आकडा दिसत होता. मागच्या रविवारी त्याच आकड्यावर तिनं घडी घातली होती.

“बाई,” तिनं विचारलं, आणि तिचा स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला, “हे मीठ कुठलं?”

“शामलीचं वं!” अंजनाबाईला समोर कोण उभं आहे हे कुठलं ठाऊक? ती कौतुकानं सांगत सुटली. “दुसरीतली पोरगी हाय एक. दिवाळीपासून रोज आणून देते. काय बारीक मीठ बाप्पा, पिठासारखं! माह्या खड्याच्या मिठाले आता कोणी पुसत नाई. पोरी म्हणतेत, आजी, शामलीचं मीठ असन तरच जाम घेतो.”

“अन् थे सोता?”

“थे? थे तं मीठ पाहूनच तोंड वाकडं करते. बिनमिठाचाच खाते जाम. ज्याच्या घरी पिकते त्याले नाई लागत, असं असते वं.”

मनकर्णाच्या पायाखालची जमीन सरकली. दिवाळीपासून! बोटं मोजायची गरज नव्हती, चार महिने झाले होते. चार महिने पोर दुपारच्या मिठावाचून होती. तिच्या डोळ्यांपुढे तो पाळणा आला, ती खोल गेलेली टाळू, ते मांजराच्या पिलासारखं रडणं. ती फाटकातून पळतच आत शिरली.

आणि मैदानात तिला शामला दिसली. लंगडी चालली होती. शामलावर राज्य होतं. एका पायावर उड्या मारत ती आपल्याहून वीतभर उंच पोरीमागे लागली होती, केस सुटलेले, रिबिन लोंबती, तोंड लाल, आणि घसा फोडून ओरडून राहिली होती. तिनं पोरीला बाद केलं, दुसरा पाय न टेकता वळली आणि तिसरीमागे लागली. मनकर्णा तिथेच उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि आधी काय करावं हे कळत नव्हतं.

मग तिनं पोरीला दंड धरून बाजूला ओढलं. “जीभ दाखव.” जीभ ओली, गुलाबी. डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली, लगेच खाली बसली. डोळे खोल नव्हते. ते भीतीनं मोठे मात्र झाले होते.

“पुडी रोज म्हातारीले देतं तू?”

शामलानं मान खाली घातली.

“अन् सकाळचा गिलास? थो तरी पेतं नं?” मनकर्णाचा सगळा जीव आता त्या एका गिलासाला टांगला होता. “बोल नं वं!”

शामलानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. “मोगऱ्याले,” ती हळूच म्हणाली.

मोरीपाशी डालड्याच्या डब्यात मनकर्णाचा मोगरा होता. हिवाळ्यात तो गळला, तसे सगळ्यांचेच गळतात. पण आता शेजारणींच्या मोगऱ्यांना फुटवे आले होते आणि हिचा मोगरा काडीसारखा वाळून उभा होता. मातीवर पांढरी खपली धरली होती. मनकर्णानं त्याबद्दल अर्ध्या आळीवर संशय घेतला होता. कुणी चुना टाकला, कुणी करणी केली, काय काय बोलून झालं होतं. आता तिला दिवाळीपासूनची एकेक सकाळ दिसायला लागली. ती भाकरी थापते आहे, पोर गिलास घेऊन मोरीकडे जाते आहे, आणि रिकामा गिलास आणून शहाण्यासारखा पालथा घालते आहे.

“काहून केलं वं असं?”

आता मात्र शामला ओक्साबोक्शी रडायला लागली. “मले ओकारी येते त्याच्यानं! मी तुले सांगतलं होतं. भाजी खारट लागते म्हून बी सांगतलं. तू आयकतच नाई. म्हणते, तुह्यी जीभ खराब. अन् जास्त सांगतलं तं तू रडते.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पोरीची जीभ चार महिने रोज संध्याकाळी, पळीभर रस चाखून, मनकर्णाला हेच सांगत होती. मूत्रपिंड बहिरं म्हणून ज्या बाईनं सात वर्षं काळजी केली, तिच्या स्वतःच्या कानांचं काय? हा विचार तिला झोंबला, पण त्यावर थांबायला वेळ नव्हता. बाईंना भेटणं राहिलंच. तिनं शामलाचा हात धरला, रिक्षात घातलं आणि मेडिकल गाठलं.

डॉ. पांढरीपांडे वॉर्डातून निघतच होते. मनकर्णानं एका दमात सगळं सांगितलं, पुड्या, म्हातारी, जाम, मोगरा. डॉक्टरांनी शामलाला तपासलं, रक्तदाब घेतला, रक्त काढलं आणि नळी स्वतः हातात घेऊन प्रयोगशाळेत गेले. रक्तातलं मीठ मोजायचं तिथे एक यंत्र होतं. रक्ताचं पातळ पाणी त्यातल्या ज्योतीत सोडलं की मिठामुळे ज्योत पिवळी होते, आणि किती पिवळी झाली त्यावरून काटा आकडा दाखवतो.

मनकर्णा बाहेरच्या बाकावर बसून राहिली. शामला शेजारी, हुंदके देऊन दमलेली, तिच्या दंडाला टेकून. मनकर्णानं किती वेळा रामाचं नाव घेतलं याला गणती नाही. एकदा तिला वाटलं की बटव्यातली पुडी काढावी आणि आत्ताच पोरीच्या तोंडात घालावी. हात बटव्यापर्यंत गेलासुद्धा. मग तिनं तो परत घेतला. सात वर्षांत पहिल्यांदा तिनं तो परत घेतला.

डॉक्टर आले ते हसतच आले. हातात कागद होता. बोलायला लागले, पुन्हा हसू आलं, चष्मा काढून पुसावा लागला.

“मी तीन दिवसांची परवानगी मागत होतो,” ते म्हणाले. “हिनं चार महिन्यांची परीक्षा देऊन टाकली, आणि तीही कुणाला न विचारता! मनकर्णाबाई, हिच्या रक्तातलं मीठ तुमच्या-माझ्यासारखं आहे. वजन वाढलंय, उंची वाढलीय, रक्तदाब छान. मूत्रपिंड ऐकतंय. हिला आता वरचं मीठ लागत नाही. दिवाळीपासूनच लागत नव्हतं, कदाचित त्याच्याही आधीपासून.”

“पक्कं नं साहेब?”

“पक्कं. उन्हाळ्यात ओकाऱ्या-जुलाब झाले तर मात्र लगेच आणायचं, हे कायम. बाकी सगळ्यांसारखं जेवण, बस.” मग ते शामलाकडे वळले आणि चेहरा कठोर करून म्हणाले, “आणि तू! औषध पुन्हा लपवून टाकायचं नाही. नको असेल तर मला येऊन सांगायचं. मी ऐकतो.”

शामलानं मान डोलवली. मग हळूच विचारलं, “मंग मी रामटेकले जाऊ काय?”

डॉक्टरांनी मनकर्णाकडे पाहिलं. मनकर्णाचा जीव भांड्यात पडला होता, तो पडताना झालेला आवाज तिचा तिलाच ऐकू आला असेल. ती एकदम हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाकावरच्या बायका पाहू लागल्या. हॉस्पिटलात रडणारी बाई दिसली की लोक वाईट बातमी समजतात, म्हणून तिनं त्यांच्याकडे पाहून मुद्दाम हात हलवला, की तसं काही नाही, सगळं ठीक हाय.

“जाय,” ती पोरीला म्हणाली. “गड चढून जाय. रामाले सांग, आईनं पाठवलं म्हून.”

बाहेर फाटकाशी एक हातगाडी उभी होती. शामलानं हात ओढला, “आई, जाम.” मनकर्णानं घेऊन दिला. गाडीवाल्यानं त्याच्या चार फोडी केल्या आणि विचारलं, “मीठ लावू काय बाई?”

“मले नोको,” शामला म्हणाली. मग आईकडे पाहून म्हणाली, “आईले लावा.”

मनकर्णा दचकली. नवस तिनं पोरीला कधी नीट सांगितला नव्हता. पण पोरी काय, सगळं ऐकत असतात. बापाच्या त्या दिवशीच्या ओरडण्यातून तिनं उचललं असणार. “नोको, नोको,” मनकर्णा म्हणाली आणि तिनं स्वतःला तोच जुना प्रश्न विचारून पाहिला, हे पोरीसाठी की जिभेसाठी? समोर शामला उन्हात उभी राहून बिनमिठाचा जाम कराकरा खात होती. रस हनुवटीवरून ओघळत होता. आणि मनकर्णाला कळलं की आज या प्रश्नाला उत्तर द्यायची गरजच राहिली नाही. पोरीनं चार महिन्यांपूर्वीच देऊन ठेवलं होतं.

तिनं बटवा उघडला. कॅलेंडरच्या पानाची ती शेवटची पुडी काढली, घडी सोडली, आणि जामाची फोड तिच्यात टेकवून तोंडात घातली.

आधी जीभ भाजल्यासारखी झाली. मग कानशिलं झणझणली, जबड्याच्या मुळाशी कळ आली, तोंडात पाणी दाटलं आणि डोळ्यांतही. जाम इतका गोड असतो हे ती विसरूनच गेली होती. मिठाशिवाय तो तिला गोड लागलाच नव्हता. ती भर रस्त्यावर, हातगाडीशेजारी, डोळे मिटून चावत राहिली. गाडीवाला घाबरून म्हणाला, “काय झालं बाई? कीड निंगाली काय?”

शामलानं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ती टाचा उंच करून आईच्या तोंडाकडे निरखून पाहत होती. मग तिनं विचारलं, अगदी चुलीपाशी आई विचारायची तसंच, “आई, पाह्य वं, मीठ झालं काय?”

मनकर्णानं घास गिळला. पदरानं डोळे पुसले.

“झालं,” ती म्हणाली. “बराबर झालं.”